गाणे आणि गोदाम

१

ध्वनिमुद्रित संगीताच्या अनधिकृत देवाणघेवाणीसंबंधीचा वाद गेली पंचवीस वर्षे चालू आहे. त्याच्या निकालाकडे वळण्यापूर्वी त्याची भाषा तपासणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये नॅपस्टर ही सेवा सुरू झाली आणि न्यायालयीन आदेशांमुळे २००१ मध्ये ती बंद पडली. त्या दोन वर्षांत जे दोन पक्ष ठरून गेले ते पुढे जगभर जसेच्या तसे निर्यात झाले. एका पक्षाच्या मते ही चोरी आहे. दुसऱ्याच्या मते हे वाटून घेणे आहे. पहिल्यास उद्योगपक्ष आणि दुसऱ्यास मुक्तपक्ष म्हणता येईल. दोहोंमधील विरोध कितीही तीव्र वाटला तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे. गाणे ही पूर्ण झालेली, कडेकोट सीमा असलेली वस्तू असून तिचा मालक आधीच निश्चित झालेला आहे, हे ते गृहीतक होय. मालकाच्या संमतीवाचून ती वस्तू घ्यावी की न घ्यावी, एवढ्यापुरताच मग वाद उरतो. मालकी मुळात कशी निश्चित झाली हा प्रश्न दोन्ही पक्षांनी वादाच्या उंबरठ्याबाहेर ठेवला आहे.

मराठी शब्दयोजनेने या गृहीतकाला अधिकच बळकटी दिली आहे. इंग्रजी संज्ञेचा शब्दार्थ 'प्रत काढण्याचा अधिकार' एवढाच आहे. 'प्रताधिकार' हा मराठी शब्द त्याच्याशी प्रामाणिक राहतो. परंतु व्यवहारात रूढ झाला तो 'स्वामित्वहक्क' हा शब्द. प्रत काढण्याचा मर्यादित, मुदतबंद आणि कायद्याने दिलेला अधिकार या शब्दातून थेट 'स्वामित्व' होऊन बसतो. आणि स्वामी आला की त्याच्यामागून चोरही येतो. प्रताधिकाराचे उल्लंघन करणाऱ्याला चोर म्हणणे ही कायद्याची भाषा नव्हे. कायद्याने त्या कृत्यासाठी 'उल्लंघन' ही निराळी संज्ञा योजिली आहे, कारण चोरीत वस्तू मूळ धारकाच्या ताब्यातून जाते आणि नकलेत ती जात नाही. हा भेद पुसून टाकणे उद्योगपक्षाच्या सोयीचे आहे. मुक्तपक्षालाही तो फारसा नको असतो. बंडखोरीचा अभिनिवेश 'चोरी' या शब्दाच्या सावलीतच शोभून दिसतो.

या वादातून जे गृहीतक वगळले गेले ते काल्हेरसारख्या गावी उघडे पडते.

२

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की काल्हेर लागते. खाडीकाठच्या या पट्ट्यातील गावे आगऱ्यांची आहेत. आगर म्हणजे मिठागर. मीठ, भात आणि मासळी यांवर उभे राहिलेले हे जीवन होते. आज भिवंडीचा हा परिसर गोदामांसाठी ओळखला जातो. देशभरातून आलेला माल येथे उतरतो, काही काळ थांबतो आणि मुंबई-ठाण्याच्या घराघरांत जातो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या मार्गावर काल्हेर नावाचे स्थानकही आखण्यात आले आहे. गोदामाचा एक धर्म असतो. तेथे काहीही निर्माण होत नाही. अन्यत्र निर्माण झालेले तेथे रचले जाते, त्याला क्रमांक लागतो, आणि ज्याच्या नावे पावती त्याचा माल, असा हिशेब चालतो. माल कोणी घडवला हा प्रश्न पावतीवर नसतो.

याच गावांतील लग्नविधीत धवलारीण नावाची एक संस्था आहे. हळद, मांडव, देवक अशा विधींना जोडलेली गाणी म्हणजे धवले. ती गाणारी स्त्री धवलारीण. विधी कोणत्या क्रमाने व्हावयाचे हे तिच्या गाण्याच्या क्रमावरून ठरते. काही ठिकाणी पुरोहितावाचून तिच्याच सूत्रांनी लग्न लागत असे. ही गाणी तिने सासूकडून वा गावातील थोरल्या बाईकडून कानाने उचललेली असतात. प्रत्येक लग्नात वधूवरांची, कुळांची, देवांची नावे बदलतात. विधी लांबला तर गाणे लांबते, आटोपला तर आटोपते. म्हणजे तिच्या बाबतीत पाठांतर आणि रचना या दोन क्रिया निरनिराळ्या काढता येत नाहीत. या कामाबद्दल तिला साडी, नारळ आणि थोडी दक्षिणा असा मान मिळतो. मोबदला हा शब्द तेथे नाही.

१९८०च्या दशकात ध्वनिफीत स्वस्त झाली. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या दीर्घकालीन मक्तेदारीला टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्यांनी धक्का दिला, आणि चित्रपटसंगीताबाहेरचे, प्रादेशिक व जातीय संगीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३च्या ग्रंथात या घडामोडीचे जे विवेचन केले आहे, त्यातील एक निष्कर्ष उद्योगपक्षाने कधीच मनावर घेतला नाही: या विकेंद्रीकरणात अनधिकृत प्रतींचा आणि कायद्यातील फटींचा वाटा मोठा होता. आज जे अधिकृत आहे त्यातील पुष्कळसे काल अनधिकृत होते. किनारपट्टीवरही हेच घडले. कोळीगीतांच्या आणि आगरी गीतांच्या ध्वनिफिती निघाल्या, हळदीच्या मांडवात त्या वाजू लागल्या. नंतर चकत्या आल्या. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळू लागले. आणि पुढे दुकानाचीही गरज उरली नाही, कारण गाणे एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये सरळ जाऊ लागले.

ही साखळी पहिल्या कडीपासून वाचली तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. मांडवातली चाल, शब्दांची वळणे, बोलीचा लहेजा ध्वनिमुद्रणगृहात नेऊन फितीवर उतरवणे ही पहिली नक्कल आहे. त्या फितीवरून मेमरी कार्डात उतरवणे ही दुसरी. पहिल्या नकलेला कायदा निर्मिती म्हणतो, दुसरीला गुन्हा म्हणतो. पहिल्या नकलेत वादकांचे श्रम, संयोजकाची कल्पकता आणि निर्मात्याचे भांडवल असते हे खरेच, आणि त्यांचा मोबदल्यावरचा दावा नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की या दाव्यासाठी आधीचा प्रत्येक दावा शून्य का धरला जातो. वेष्टनावर गीताच्या रकान्यात 'पारंपरिक' हा शब्द छापला जातो; वरवर पाहता तो ऋणनिर्देश आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ असा की येथे कोणाला काही देणे लागत नाही.

३

कायद्याचा इतिहास ही विषमता अपघाती नसल्याचे दाखवतो. भारताचा प्रताधिकार अधिनियम १९५७ मध्ये संमत झाला आणि जानेवारी १९५८ मध्ये अमलात आला. त्यात 'सांगीतिक कृती'ची व्याख्या अशी होती की स्वरांची रचना छापलेली, लिहिलेली वा अन्य रीतीने आलेखित असली तरच ती कृती ठरावी. ज्या देशात ख्यालापासून धवल्यापर्यंत सारे संगीत गळ्यातून गळ्यात जाते, त्या देशाच्या संसदेने कागदावर न उतरलेल्या संगीताला संगीत मानण्यास नकार दिला होता. ही व्याख्या १९९४च्या दुरुस्तीने बदलली आणि स्वरलेखनाची अट गेली. सदतीस वर्षे ती टिकली याचे कारण कायदा परदेशी साच्यातून आला एवढेच नाही. लिहिलेले ते प्रमाण आणि गायिलेले ते त्याचे केवळ सादरीकरण, ही श्रेणी येथील शिक्षित वर्गालाही मनोमन मान्य होती.

त्याच १९५७ सालाला या पट्ट्याच्या स्मृतीत दुसरा अर्थ आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८चा. त्याच्या १९५६च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. या कायद्यामागे अलिबागजवळच्या चरी येथील शेतकऱ्यांचा संप उभा होता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला तो संप सुमारे सहा वर्षे चालला, आणि तो प्रामुख्याने आगरी कुळांचा होता. 'कसेल त्याची जमीन' या सूत्राने कागदावरील नावापेक्षा जमिनीवरील श्रमाला वरचढ ठरवले. म्हणजे एकाच वर्षी एका कायद्याने खोताच्या दप्तराला मागे सारून नांगराला मान दिला आणि दुसऱ्याने गळ्याला मागे सारून कागदाला. ज्या समाजाने पहिला कायदा लढून मिळवला, त्याच समाजाच्या गाण्याला दुसऱ्याने बेवारस ठरवले.

ही तुलना मर्यादेबाहेर ताणता येणार नाही. जमीन एकाने कसली तर दुसऱ्याला कसता येत नाही. गाणे एकाने गायिले म्हणून दुसऱ्याचे तोंड बंद होत नाही. म्हणून 'गाईल त्याचे गाणे' असे घोषवाक्य तयार करून धवलारणीला छोटी खोतीण बनवणे हा मार्ग नव्हे. कुळकायद्यापासून घ्यावयाचे ते तत्त्व इतकेच, की दप्तरातील नोंद हा हक्काचा एकमेव पुरावा असू शकत नाही.

न्यायव्यवस्थेला याची जाणीव नव्हती असे नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन यांच्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये जो निकाल दिला, त्याने चित्रपटसंगीतात निर्मात्याची बाजू भक्कम केली. परंतु त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कोणताच हक्क नसावा या विसंगतीकडे संसदेचे लक्ष वेधले होते. संसदेला जाग येण्यास सतरा वर्षे लागली. १९९४च्या दुरुस्तीने 'सादरकर्ता' ही कोटी कायद्यात आली, आणि तिची व्याख्या विलक्षण उदार आहे: नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंक्तीला कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही बसले. धवलारीण या व्याख्येत निःसंशय बसते. २०१२च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपली ओळख नमूद करून घेण्याचा नैतिक हक्कही दिला. परंतु मुदतीचे आकडे पाहावेत. सादरकर्त्याचा हक्क प्रथम पंचवीस वर्षांचा होता, १९९९ मध्ये तो पन्नास वर्षांचा झाला. ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा हक्क साठ वर्षांचा आहे. गळ्याला पन्नास, फितीला साठ. संसदेने घातलेला हा दहा वर्षांचा फरक पुरेसा बोलका आहे.

ती साठ वर्षेही कशी आली हे साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निधनास १९९१ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्यांच्या कृती सर्वांसाठी खुल्या होण्याची वेळ आली. विश्वभारतीकडील हक्क संपू नयेत म्हणून शासनाने आधी वटहुकूम काढला आणि १९९२ मध्ये कायदा बदलून मुदत दहा वर्षांनी वाढवली. वाढ मात्र एका कवीपुरती न राहता ध्वनिमुद्रणांनाही मिळाली. एका संस्थेकरिता मुदत वाढवण्यास शासनाला काही आठवडे पुरले. गायकाची दखल घेण्यास मात्र जवळजवळ दोन दशके लागली.

४

महाराष्ट्र शासनाच्या धोरणात दोनच हत्यारे दिसतात: पोलीस आणि माफी. पहिल्याचा कळस २००९ मध्ये गाठला गेला. १९८१चा जो कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यासाठी होता, त्यात 'दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती' म्हणजेच 'व्हिडिओ पायरेट्स' यांची भर घालण्यात आली. या कायद्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता शक्य आहे. प्रताधिकार अधिनियमातच तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद असताना, आरोप सिद्ध करण्याच्या जबाबदारीतून शासनाने स्वतःला मोकळे करून घेतले. आणि हे करताना मूळ अधिनियमातील एका महत्त्वाच्या भेदाकडे पाठ फिरवली. धंद्याच्या ओघात नफ्यासाठी उल्लंघन झाले नसेल तर किमान शिक्षेहून कमी शिक्षा देण्याची मुभा त्या अधिनियमाने न्यायाधीशाला दिली आहे. देवाणघेवाण आणि विक्री यांतील फरक कायद्याच्या पोटातच आहे. स्थानबद्धतेच्या आदेशात तो तोलण्यास जागा नाही. कारण तेथे न्यायाधीशापुढे खटलाच उभा राहत नाही.

दुसरे हत्यार माफीचे. धार्मिक विधीत आणि शासकीय समारंभात गाणे वाजवणे हे उल्लंघन नव्हे, असे अधिनियम सांगतो. विवाहाची वरात आणि विवाहाशी निगडित सामाजिक सोहळे यांचा त्यात समावेश आहे. परवाने विकणाऱ्या संस्था तरीही लग्नमंडपांकडे मागणी करीत राहिल्या. केंद्र शासनाच्या संबंधित विभागाने २४ जुलै २०२३ रोजी सूचना काढून ही सूट स्पष्ट केली. गोवा शासनाने ३० जानेवारी २०२४ रोजी तशाच आशयाचे परिपत्रक काढले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले, कारण कायद्याचा अर्थ परिपत्रकाने रुंद करण्याचा अधिकार कार्यपालिकेस नाही. परिपत्रकाचे जे व्हावयाचे ते झाले. अधिनियमातील सूट कायम आहे, आणि ती राहिलीच पाहिजे. हळदीच्या मांडवाबाहेर वसुलीदार उभा राहणे ही कल्पनाच असह्य आहे.

तथापि माफी हे धोरण नव्हे. या सुटीमुळे ध्वनिमुद्रित गाणे लग्नात विनामूल्य झाले. त्याच मांडवात धवलारणीने गावे यासाठी शासनाच्या कोणत्याही कागदावर एक ओळ नाही. यंत्राचे गाणे फुकट आणि रात्रभर चालणारे. माणसाचे गाणे मानपानाचे आणि दमणारे. अशा स्पर्धेत कोण टिकेल हे सांगावयास समाजशास्त्र लागत नाही. शासनाने एका हाताने निर्मात्याला पोलीस दिले, दुसऱ्या हाताने यजमानाला सूट दिली. ज्या परंपरेच्या पोटातून हे गाणे आले ती परंपरा दोन्ही हातांच्या मध्ये रिकामी राहिली.

या रिकामेपणाचा सर्वांत चांगला पुरावा अधिनियमाच्या एका कलमात आहे. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती ध्वनिमुद्रित करण्याची मुभा पूर्वी दोन वर्षांनी मिळे. २०१२ पासून ती पाच वर्षांनी मिळते, आणि दर वर्षी प्रत्येक कृतीच्या किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. मुंबईच्या कंपनीला हा आकडा किरकोळ. काल्हेरच्या एखाद्या मंडळीला तो अशक्य. कायदा करणाऱ्यांना हे उमगले असावे, कारण विशिष्ट भाषेतील वा बोलीतील कृतींसाठी, त्यांचा संभाव्य प्रसार पाहून, हा आकडा कमी करण्याचा अधिकार त्यांनी प्रताधिकार मंडळाला दिला. बोलीचा असा उल्लेख भारतीय विधिग्रंथांत विरळाच. परंतु ते मंडळ २०१७ मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन करण्यात आले आणि ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये रद्द झाले. त्याची कामे न्यायालयांकडे गेली. बोलींची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी जो दरवाजा कायद्याने दाखवला होता, त्याच्यामागची खोलीच पाडली गेली. चोरीविरुद्ध आवेशाने बोलणाऱ्या कोणत्याही शासनाला याची खंत वाटल्याचे दिसत नाही.

५

उद्योगपक्षाचे खंडन सोपे आहे, म्हणूनच त्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुक्तपक्षाचा प्रमाद अधिक सूक्ष्म आहे. विद्यापीठांत प्रतिष्ठा आहे ती त्यालाच. या पक्षाच्या मते नक्कल हाच वंचितांचा आधुनिकतेतील प्रवेशमार्ग आहे. रवि सुंदरम् यांच्या 'पायरेट मॉडर्निटी'त दिल्लीच्या अनधिकृत बाजारांचे जे चित्र आहे, ते या मांडणीचे प्रगल्भ रूप. तिच्या आधारे लिहिल्या जाणाऱ्या सुलभ निबंधांत ते प्रगल्भपण राहत नाही. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात उत्तरेतून आणि तेलंगणातून आलेल्या कामगाराला आपल्या भाषेचे गाणे मेमरी कार्डाने दिले, हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. परंतु नक्कल करणाऱ्या दुकानदाराच्या हिशेबातही धवलारणीचे नाव नसते. ध्वनिमुद्रणाचा निर्माता तिला 'पारंपरिक' म्हणून वगळतो, नक्कलकार 'फोक' नावाच्या कप्प्यात टाकून वगळतो, आणि अभ्यासक दोघांतील संघर्षाला प्रतिकार हे नाव देऊन तिला तिसऱ्यांदा वगळतो. एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेलेला माल मुक्त होत नाही.

दुसरी एक मांडणी देशीवादाच्या परिघातून येते. आपल्या परंपरेत रचना कोणाची खाजगी नव्हतीच, म्हणून प्रताधिकार ही कल्पनाच परकी, असे ती सांगते. ही मांडणी अर्धसत्य आहे. वारकरी परंपरेत अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. 'तुका म्हणे' हे शब्द उच्चारल्याशिवाय तुकोबांचा अभंग पुरा होत नाही. तो कोणीही गावा, कोठेही गावा, त्यासाठी कोणाची अनुमती नको. परंतु नाव गाळता येत नाही. म्हणजे येथे नामनिर्देश आणि मालमत्ता या दोन गोष्टी निरनिराळ्या होत्या. नाव अनिवार्य, मालकी अनुपस्थित. आधुनिक बाजाराने याच्या नेमके उलट केले: मालकी अनिवार्य, नाव ऐच्छिक. देशी परंपरेत नावच नव्हते असे म्हणणे म्हणजे बाजाराने केलेल्या लबाडीला परंपरेचे प्रमाणपत्र देणे होय. कोळीगीतांच्या ध्वनिफितींवर 'वेसावकर आणि मंडळी' असे जे नाव येई, त्यातील 'आणि मंडळी' हे शब्दही येथे आठवावेत. एकट्या कर्त्याच्या साच्यात न बसणारे, तरीही निनावी नसलेले असे ते सामूहिक नाव आहे. समीक्षेने याच्यासाठी संज्ञा घडवली नाही. गाणाऱ्यांनी ती वेष्टनावर छापून टाकली होती.

मराठी समीक्षेची जबाबदारी यातून टळत नाही. रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा १९६७ मध्ये केली, मिशेल फुको यांनी १९६९ मध्ये 'लेखक म्हणजे काय' असा प्रश्न विचारला. दोघांच्याही समोर असा समाज होता की जेथे लेखक आधी कायद्याने, मुद्रणाने आणि बाजाराने जन्माला घातला होता. मराठीत ही सिद्धान्तने आली तेव्हा जिचा कर्ती म्हणून जन्मच झाला नव्हता तिचाही मृत्यू जाहीर करून टाकण्यात आला. संहितेची मुक्त क्रीडा हा विचार छापील कवितेच्या बाबतीत मुक्तिदायक ठरतो; मौखिक गीताच्या बाबतीत तो फितीच्या मालकाला सोयीचा ठरतो. कर्ताच नाही म्हटल्यावर मोबदला कोणाला द्यावयाचा? ज्या सिद्धान्ताने बुर्ज्वा कर्तृत्व मोडीत काढावयाचे होते, तो येथे ध्वनिमुद्रण कंपनीच्या लेखापालाच्या उपयोगी पडला.

लोकसाहित्याच्या संकलनानेही हेच केले. ओव्यांच्या जुन्या संग्रहांच्या मुखपृष्ठावर संकलकाचे नाव असते. गाणाऱ्या बायकांची नावे आत क्वचितच सापडतात. बहिणाबाई चौधरींच्या रचना त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ग्रंथरूप झाल्या आणि त्या एकदम 'कवयित्री' ठरल्या, कारण घरात लिहून घेणारा मुलगा, स्वतः कवी असलेले सोपानदेव चौधरी, होते. ज्यांच्या घरी असा मुलगा नव्हता त्या 'लोक' या सामान्यनामात विरून गेल्या. याला एक मोठा अपवाद आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदलेले आहे. २०१७ पासून 'पारी'ने हा ठेवा आवाजासह सर्वांसाठी खुला केला. येथे ओवी कोणालाही ऐकता येते, आणि ती कोणाची हेही लपत नाही. वाटून घेणे आणि नाव राखणे यांत विरोध नाही याचा हा मराठीतला, हाताशी असलेला पुरावा आहे. दोन्ही पक्षांनी त्याकडे पाहिलेले नाही.

६

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष धोरणाच्या भाषेत मांडता येतात. पहिला असा की विनिमय आणि व्यापार यांतील भेद धोरणाच्या केंद्रस्थानी यावा. नातेवाइकाने नातेवाइकाला, कामगाराने कामगाराला गाणे पाठवणे हा विनिमय आहे. खाजगी वापराला अधिनियमाने न्याय्य व्यवहार म्हणून आधीच जागा दिली आहे, तिचा अर्थ संकोचाने नव्हे तर मोकळेपणाने लावला जावा. स्थानबद्धतेच्या कायद्यातून प्रताधिकाराचे उल्लंघन वगळावे. नफेखोर नकलेसाठी न्यायालय पुरेसे आहे. दुसरा असा की 'पारंपरिक' हा शब्द छापणाऱ्या प्रत्येक व्यापारी ध्वनिमुद्रणावर ते गाणे कोणाकडून, कोणत्या गावी ऐकले याची नोंद बंधनकारक असावी आणि त्या गाणारीला सादरकर्ता मानून तिचा वाटा ठरावा. त्यासाठी नवा हक्क निर्माण करण्याची गरज नाही. १९९४ने दिलेली कोटी आणि २०१२ने दिलेला नामनिर्देशाचा हक्क मांडवापर्यंत पोहोचवला तरी पुष्कळ होईल. तिसरा असा की बोलीतील गाण्यांसाठी पन्नास हजार प्रतींची अट कमी करण्याचा जो अधिकार कायद्यात नमूद आहे, तो वापरण्यासाठी सामान्य माणसाला गाठता येईल असे स्थान शासनाने निश्चित करावे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. एकच धवला दहा गावांत गायिला जातो. मग वाटा कोणत्या गावाचा? आक्षेप खरा आहे, पण तो ज्या बाजूने येतो ती बाजू पाहावी. हाच धवला एका कंपनीने ध्वनिमुद्रित करून संगणकीय जुळणीच्या यंत्रणेत नोंदवला, तर अकराव्या गावातील गाणारीच्या चित्रफितीवर दावा लागू शकतो. तेव्हा कोणालाही दहा गावांची अडचण जाणवत नाही. कारण ती यंत्रणा आधी जमा झालेल्या नमुन्याशी नंतर आलेला आवाज ताडून पाहते. जमा करणाऱ्याने तो कोठून आणला हे ती विचारत नाही. गाणे अनेकांचे असणे हे मोबदला देताना अडचणीचे ठरते आणि घेताना अडचणीचे ठरत नाही, यातच या व्यवस्थेचा सारा पक्षपात सामावलेला आहे. शिवाय येथे मागणी चालीच्या मालकीची नाहीच. चाल दहाही गावांची राहू द्यावी. ज्या गळ्यातून ती फितीवर उतरली त्या गळ्याचे नाव आणि त्या दिवसाचे दाम, एवढीच मागणी आहे.

गाणे चोरीला गेले अशी ओरड जेव्हा होते तेव्हा ते गोदामातून गेलेले असते. ते गोदामात कसे आले याची चौकशी चोरीच्या फिर्यादीत होत नाही, आणि चोराच्या कौतुकातही होत नाही. ती चौकशी ज्यांनी करावयाची ते समीक्षक आजवर पावतीवरचे नाव वाचून परतले आहेत. काल्हेरच्या मांडवात हळद लागत असताना कोण गाते आहे, हे विचारण्यासाठी ना परवाना लागतो ना सिद्धान्त; आणि तो प्रश्न विचारल्यावाचून संगीताच्या स्वामित्वाविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष, तो उद्योगाच्या बाजूचा असो की मुक्ततेच्या, गोदामाच्या दारातच अडकून पडणार.